रस्त्याचा मध्य

तालुक्याच्या गावात विकास यायचा असला की आधी त्याचा फ्लेक्स येतो. बाजारपेठेच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांना सुतळीनं आवळलेला. वर नेत्यांचे चेहरे आणि चेहऱ्यांतून उरलेल्या जागेत ‘मुख्य बाजारपेठ रस्ता रुंदीकरण व सुशोभीकरण – संकल्पचित्र’. गाव कुठलं ते सांगत नाही. मी मुखेडचा, त्यामुळे संशय मुखेडवर जाणार, जाऊ द्या. देगलूर, कंधार, उदगीर, अहमदपूर इथल्या कुणाला हा फ्लेक्स आपल्याच चौकातला वाटला, तर त्यानं तो खुशाल घरी न्यावा. तसेही फ्लेक्स शेवटी कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवरच जातात.

संकल्पचित्रात आभाळ निळं असतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळाची झाडं असतात. हे बालाघाटाच्या डोंगरात, जिथं बाभळसुद्धा मार्च उजाडला की विचारात पडते. फुटपाथवरून एक गोरी बाई पांढरं कुत्रं घेऊन निघालेली असते, तिच्या मागं बाबागाडी ढकलणारं जोडपं. मोटारसायकल नाही, लोंबती वायर नाही, गाय नाही. आणि मुख्य म्हणजे चित्रभर कुणीही बसलेलं नाही. आमच्या बाजारात उभा असलेला माणूस म्हणजे एक तर वसुलीला आलेला, नाही तर एसटी चुकलेला. बाकीचे बसलेले असतात. संकल्पचित्र काढणाऱ्यानं सगळं गाव उठवून चालायला लावलं होतं.

फ्लेक्स लागला त्या सकाळी अर्धी बाजारपेठ त्याच्यासमोर गोळा झाली. भांड्यांच्या दुकानाचे आप्पा चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळ गेले.

“आमचं दुकान कुठंय यात?”

“ते नारळाचं झाड दिसायलंय ना आप्पा, तिथंच तुमचं शटर.”

“अन् गल्ला?”

“गल्ल्यावरून ती बाई चाललीय बघा.”

आप्पांनी बाईकडं बराच वेळ पाहिलं. “कुत्रं तरी बाजूनं न्यायचं,” म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

आता आप्पांच्या दुकानाचा भूगोल समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळायचं नाही. कागदावर त्यांचं दुकान भिंतीपाशी संपतं. भिंतीच्या पुढं उंबरा, उंबऱ्याच्या पुढं ओटा. ओट्याखालून नाली वाहते, किंवा वाहायचा तिचा इरादा असतो. नालीवर शहाबादी फरशी. ही फरशी नाली झाकण्यासाठी टाकली असं आप्पा म्हणतात, आणि नाली आहे म्हणून फरशी टाकता आली हे बोलत नाहीत. फरशीवर घागरी, पातेली, प्लास्टिकच्या बादल्यांची चळत. चळतीच्या पुढं गिऱ्हाइकासाठी स्टूल, ज्यावर गिऱ्हाईक कधीच बसत नाही, कारण तिथं एक निवृत्त गुरुजी पेपर वाचत असतात. स्टुलापुढं आप्पांची स्वतःची मोटारसायकल आडवी. ती कुठं जायला काढलेली नसते. दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून लावलेली असते. तिच्या पुढं केळीचा हातगाडा. गाड्यापुढं केळी घेणाऱ्याची मोटारसायकल, इंजिन चालू, कारण त्याला घाई आहे. त्याच्या पलीकडं जे काही उरतं तो शासनदरबारी राज्यमार्ग, जिल्हामार्ग किंवा अठरा मीटर रुंदीचा विकास योजना रस्ता असतो. समोरच्या बाजूनं हीच सगळी रचना उलट क्रमानं येते. मधल्या फटीतून एसटी जाते. कशी जाते ते ड्रायव्हर आणि आमचा देव दशरथेश्वर जाणे.

माझं म्हणणं एवढंच की गावची बाजारपेठ म्हणजे ही भिंत ते फट यांमधली जागा. भिंतीच्या आत फक्त माल असतो आणि फटीत फक्त धूळ. उधारी, सोयरिक, राजकारण, कुणाच्या पोराला कुठं नोकरी लागली आणि ती किती देऊन लागली, हे सगळं ओटा-फरशी-स्टूल या पट्ट्यात घडतं. आणि बाजारपेठेचा कायापालट करायला निघालेला प्रत्येक माणूस नेमका हा पट्टा खोडून सुरुवात करतो, कारण नकाशात तो कुठंच नसतो.

न्यूयॉर्कमध्ये जेन जेकब्ज नावाच्या एका बाईंनी १९६१ साली शहरांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की दुकानदार, शेजारी, येणारे-जाणारे यांची रस्त्यावर सतत नजर असते म्हणून जुनी वस्ती सुरक्षित राहते. रुंद रस्ते काढून ती मोडू नका. बाई बरोबर बोलल्या. पण त्यांनी आमची बाजारपेठ पाहिली असती तर त्या पुस्तकात एक प्रकरण वाढवून, नजर थोडी कमी असली तरी चालेल, असंही लिहून गेल्या असत्या. आमच्याकडं मेडिकलमधून कोण कोणती गोळी घेऊन बाहेर पडलं यावर पाच दुकानांत चर्चा होते आणि घरी पोहोचेपर्यंत रोग्याच्या आधी रोग पोहोचलेला असतो. चोरी मात्र खरंच होत नाही. चोराला फरशीवरून आत शिरायचं म्हणजे आधी गुरुजींना ‘कुण्या गावचं?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

पूर्वी या पट्ट्याला छप्पर होतं. माळवदाचे वाडे, पुढं ढेळज, ढेळजेत तक्क्याला टेकलेला सावकार आणि आत भिंतीत धान्याचं बळद. भिंती एवढ्या जाड की उन्हाळ्यात आत शिरलेलं गिऱ्हाईक सौदा झाला तरी बाहेर पडायचं नाव काढत नसे. मग ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट आली. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या बाजूला त्याच जाड दगड-मातीच्या भिंतींनी हजारो माणसं गाडली, आणि इकडं मुखेडपर्यंत प्रत्येक घरानं आपल्या माळवदाकडं नव्या नजरेनं पाहिलं. त्यानंतर ज्याला जमेल तसा तो स्लॅबखाली गेला. यात हसण्यासारखं काही नाही आणि कुणी चूकही केली नाही. फक्त स्लॅबबरोबर ढेळज गेली, तिच्या जागी गाळे आले, गाळ्यांना शटर आलं, आणि तक्क्याला टेकलेला माणूस बाहेर नालीवरच्या फरशीवर आला. ज्याला आज अतिक्रमण म्हणतात त्यातला निम्मा भाग म्हणजे घरातून बाहेर पडलेली ढेळजच. उरलेला निम्मा मात्र निखळ अतिक्रमण, त्याला माझ्याकडं बचाव नाही.

तर रुंदीकरण. बाहेरच्या लोकांना वाटतं की व्यापारी याला विरोध करतात. मुळीच नाही. बैठकीत एकूण एक जण ‘रस्ता मोठा झालाच पाहिजे’ म्हणून हात वर करतो. भांडण एकाच मुद्द्यावर असतं: रस्त्याचा मध्य कुठला?

इंजिनिअरसाहेब टेप घेऊन येतात, सोबत लाल रंगाचा डबा आणि ब्रश धरलेला एक पोरगा. “मध्यापासून दोन्हीकडं नऊ-नऊ मीटर,” साहेब म्हणतात. इथपर्यंत सगळे खूश. साहेब खाली वाकून मध्यावर खडूनं फुली मारतात आणि पूर्वेकडची रांग उठून उभी राहते. त्यांच्या मते जुना रस्ता पार पश्चिमेला होता. डांबर टाकताना दर वेळी गुत्तेदारानं तो थोडा थोडा पूर्वेकडं सरकवत आणला. पश्चिमेकडच्यांच्या मते नेमकं उलटं. पुरावे निघतात. एक जण जमिनीखालची पाण्याची पाइप दाखवतो, जी कधीकाळी म्हणे बरोबर मध्यातून टाकली होती. ती आता एका सलूनच्या आत आहे. दुसऱ्याच्या आजोबांची वरात इथून गेली होती आणि घोडा ज्या खांबाला शिवला तो खांब मध्यापासून सात हातांवर होता. तिसऱ्यानं तर पेटीतून कागदच आणला: १३४० फसलीचा, म्हणजे साधारण १९३०चा, निजामाच्या वेळचा, उर्दूत, शिक्क्यासकट. सगळे गप्प झाले. कागद वाचायला मशिदीजवळच्या वयोवृद्ध मास्तरसाहेबांना सन्मानानं आणलं. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “कागद पक्का आहे. बैलजोडीच्या खरेदीचा आहे.”

या सगळ्या गोंधळात फुलीवर एक लाल कंधारी गाय येऊन बसली. ही आमच्या भागाची खास जात. तिची देशी गोवंशात नोंद आहे, भाव आहे, प्रदर्शनात तिला फेटा बांधतात आणि दूध आटलं की बाजारात सोडतात. ती रोज तिथंच बसते, कारण दोन्हीकडून जाणाऱ्या गाड्यांना ती तिथं सारखंच अडवते. मध्य कुठला हे गावात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पण तिचा जबाब कोण नोंदवणार? साहेबांनी टेप गुंडाळली. लाल खुणा मात्र राहिल्या. आता त्या खुणांवर लोक पत्ता सांगतात: “पाच मीटरवाल्या डॉक्टरच्या शेजारी.”

मध्याचा हा प्रश्न लातूरकरांनी शंभर वर्षांपूर्वीच सोडवला, आणि त्याबद्दल मला त्यांचा हेवा वाटतो. तिथल्या गंजगोलाई चौकाचा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं केला. मधली दुमजली गोल इमारत १९१७ची. भोवती बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. बरोबर मध्यात अंबाबाईचं देऊळ. सरळ रस्त्याचा मध्य कुणीही सरकवतो. वर्तुळाचा मध्य सरकवायचा तर देवीला उठवावं लागेल, आणि तेवढी हिंमत पूर्वेकडच्या रांगेत नाही, पश्चिमेकडच्याही नाही. निजामाच्या राज्यात, गावं अजून कंदिलावर असताना, एका माणसानं सोने-चांदी, कापड, भुसार, चपला, मिरची, गूळ यांना एकेक वाट नेमून दिली. पॅरिसमध्ये ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याला रुंद रस्ते काढायला जुन्या शहराचा मोठा भाग पाडावा लागला होता. फैयाजुद्दीनना बाजारच नवा बसवायचा होता, म्हणून त्यांची सुटका झाली.

सोळा वाटांचा तोटा एकच, की त्या सोळा आहेत. मुखेडचा माणूस गंजगोलाईत लग्नाचा बस्ता बांधायला शिरतो तेव्हा त्याला आपण कुठून आलो ते पक्कं ठाऊक असतं. देवीला एक प्रदक्षिणा झाली की ते ज्ञान जातं. मग तो ज्या वाटेनं बाहेर पडतो तिथं मिरच्यांची पोती असतात, तो परत येतो, दुसरी वाट धरतो, तिथं सराफ भेटतात आणि तिथून बायकोला परत आणायला वेळ लागतो. विचारलं तर लातूरकर अतिशय मदत करतात. “सरळ जावा,” म्हणतात. वर्तुळात सरळ म्हणजे काय हे ते सांगत नाहीत, कारण त्यांना ते लहानपणापासून येतं.

गोलाईचंही सुशोभीकरण, पुनर्विकास, अतिक्रमण हटाव हे सगळं वर्षानुवर्षं चालू असतं. मोहीम निघाली की हातगाडेवाले पळत नाहीत. सरळ रस्ता असता तर त्यांना गावाबाहेर जावं लागलं असतं. इथं प्रत्येक जण आपला गाडा पुढच्या वाटेच्या तोंडाशी ढकलतो, तिथला त्याच्या पुढच्या. पथक मागून येतं, गाडे पुढं सरकतात. रस्ता गोल असल्यामुळे संध्याकाळपर्यंत जो तो आपापल्या मूळ जागी पोहोचलेला असतो आणि पथकही जिथून निघालं तिथंच चहा पीत असतं. कुणाचं नुकसान नाही, सगळ्यांचा व्यायाम.

नांदेडचं वेगळं. तिथं जुन्या गावात खरंच बदल झाला, डोळ्यांदेखत झाला. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांतून पूर्वी यात्रेकरू, टांगे, रिक्षा आणि म्हशी एकाच वेळी जात, आणि त्यातली म्हैसच काय ती वेळेवर पोहोचत असे. मग भिंती पडल्या, रस्ते रुंद झाले, गोदावरीला घाट आले, गुरुद्वाऱ्याभोवती मोकळं अंगण झालं. नेहरूंच्या नावाच्या केंद्राच्या नागरी मिशनमध्ये नांदेडचं नाव होतं, पैसा होता, हे खरं. पण पैसा इतर गावांनाही येतो आणि जातो. नांदेडकडं दुसरीच एक गोष्ट होती, ती म्हणजे तारीख. गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबांना गुरुपद, म्हणजे गुरू-ता-गद्दी, दिलं ते १७०८ साली, तिथंच. त्याला ऑक्टोबर २००८ मध्ये तीनशे वर्षं होणार होती आणि जगभरातून लाखो लोक येणार होते. आता गुत्तेदार कितीही थोर असला, तरी गुरू-ता-गद्दीला मुदतवाढ कोण देणार? ‘काम प्रगतिपथावर असल्याने त्रिशताब्दी मार्चअखेर घेण्यात येईल,’ असा ठराव कुठल्याच सभेत मंजूर होत नाही. इतिहास थांबत नाही म्हटल्यावर रोलर थांबला नाही. ज्यांची घरं, दुकानं त्यात गेली त्यांना तो वेग कसा वाटला हे त्यांनाच विचारावं. विकासाच्या फोटोत पडलेली भिंत येते, भिंतीमागचं कपाट येत नाही.

तारखेचं हे महत्त्व कळल्यापासून मुखेडमध्ये काही जाणत्यांनी आपल्यालाही अशी एखादी तारीख शोधायला घेतली. उमेदवार एकच, दशरथेश्वराचं मंदिर. चालुक्य काळातलं, कोरीव दगडी, बाहेरच्या अंगाला सुरसुंदरी आणि मातृका. महाराष्ट्रभरचे मूर्तिअभ्यासक ते पाहायला येतात आणि गावकरी त्यांना पाहायला जातात. पण अभ्यासक शतक सांगतात, शैली सांगतात. तिथी-वार सांगत नाहीत. शतकावर निधी मागता येत नाही. बांधणाऱ्यानं दारावर ‘शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, सन्माननीय’ अशी एक कोनशिला बसवली असती तर आज आमच्या बाजारपेठेचे दिवस पालटले असते. पण जुनी माणसं काम करून गेली आणि नाव लावायचं विसरली. आता उलट आहे.

तारीख नाही, त्यामुळे आमचा विकास आपल्या गतीनं येतो. आधी पेव्हर ब्लॉक येतात. ते बसले की आठवतं की खाली पाण्याची लाइन टाकायची होती. ब्लॉक निघतात, लाइन पडते, ब्लॉक परत बसतात, पण आता प्रत्येकाचा शेजारी बदललेला असतो आणि नव्या शेजाऱ्याशी त्यांचं जमत नाही. पावसाळ्यात पाय ठेवला की एकेक ब्लॉक बाजूनं पिचकारी मारून निषेध नोंदवतो. मग नाल्यांचं काम निघतं. मग हायमास्ट दिवा येतो, जो रात्री लागला की गावात लग्न आहे असं बाहेरगावच्यांना वाटतं. आणि कुठं तरी एखाद्याच्या गोठ्यावर विकास आराखड्यात ‘क्रीडांगण’ असं आरक्षण पडतं. १९६६च्या नगररचना कायद्यात एकशे सत्ताविसावं कलम आहे. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यायची, पुढच्या चोवीस महिन्यांतही घेतली नाही तर आरक्षण रद्द. आमच्या इथं हे कलम शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, कारण ती पोरं रोज त्या क्रीडांगणावरच्या म्हशी हाकतात.

हातगाडेवाल्यांसाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे, आणि तो वाचायला छान आहे. सर्वेक्षण व्हावं, प्रमाणपत्र मिळावं, समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत. कोरोनात त्यावर दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजनाही आली. सगळ्यात शेवटी हॉकर्स झोन येतो. हॉकर्स झोनची जागा निवडायचा निकष, मला जेवढं दिसलं त्यावरून, असा असावा: जिथं आजवर कुणीही काहीही विकत घेतलेलं नाही अशी जागा.

आप्पांच्या दुकानापुढचा केळीवाला परवा मोठ्या आनंदात होता. त्यानं लॅमिनेशन केलेलं कार्ड काढून दाखवलं. फोटो, शिक्का, नंबर, सगळं होतं.

“मालक, आपल्याला जागा मंजूर झाली. झोनमधी. चौकोन आखून दिलाय, पांढऱ्या पट्ट्याचा. आपला नंबर टाकलाय त्यात.”

“वा! मग अजून इथंच कसा?”

“इथं धंदा हाय की.”

“अरे, मग तिकडची जागा?”

“ती सोडलीय व्हय? मेव्हण्याला बसवलंय तिथं, खाट टाकून.” त्यानं एक फणी तोडून माझ्या पिशवीत टाकली. “जागा मोकळी दिसली की लोक अतिक्रमण करायलेत, मालक. लैच बेकार झालंय गाव.”